संकटकाळातील कौटुंबिक उद्योग : टिकाव, तारण आणि वाटणी

भारतातील खासगी उद्योगांचा मोठा भाग आजही कुटुंबांच्या मालकीचा आहे. गल्लीतील किराणा दुकानापासून शेअर बाजारात नोंदलेल्या बड्या समूहांपर्यंत ही परंपरा पसरलेली आहे. महायुद्ध, फाळणी, आणीबाणी, नोटाबंदी, टाळेबंदी अशा प्रत्येक धक्क्यानंतर हे उद्योग कशाच्या बळावर तग धरतात, हा प्रश्न नव्याने चर्चेत येतो. त्याचे रूढ उत्तर 'रक्ताचे नाते' असे दिले जाते. ते अपुरे आहे, कारण बुडालेल्या पेढ्यांतही रक्ताची नाती होतीच. शिवाय टिकलेल्या घराण्यांचे गौरवग्रंथ निघतात, बुडालेल्यांचे निघत नाहीत. त्यामुळे कौटुंबिक उद्योगांच्या चिवटपणाविषयीचे कोणतेही विधान थोडे सावधपणेच करावे लागते.

व्यवहाराच्या अंगाने पाहिल्यास एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसते. मंदीत किंवा आपत्तीत झालेला तोटा कुठेतरी जिरवावा लागतो. पगारदार व्यवस्थापनाच्या कंपनीत तो भागधारक, बँका आणि कामगार यांच्यात वाटला जातो. कौटुंबिक उद्योगात त्याच्या आधी आणखी एक जागा असते, ती म्हणजे घर. मालक दरमहा घेत असलेली उचल थांबवतो, लग्न पुढे ढकलले जाते, नव्या गाडीचा विचार सोडून दिला जातो, कपाटातील दागिने गहाण पडतात, दिवसभर गल्ल्यावर बसायला घरातलाच माणूस बिनपगारी मिळतो. ताळेबंदात यांपैकी कशाचीही नोंद नसते. संकट टळल्यावर 'उद्योग टिकला' असे म्हटले जाते, तेव्हा ही अलिखित गंगाजळी कोणी भरली होती, हे सहसा विचारले जात नाही.

किर्लोस्करवाडीचे दोन धडे

मराठी वाचकांना सर्वांत परिचित उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधू रामुअण्णा यांच्यासह १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून व्यवसायाचा आरंभ केला. लोखंडी नांगर बनवल्यावर तो विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. बाहेरच्या गुंतवणूकदाराने इतका काळ धीर धरला असता का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. विस्ताराच्या कामासाठी नगरपालिकेला जागा हवी झाल्याने बेळगावातील बस्तान हलवावे लागले, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० मध्ये कुंडल स्थानकाजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणाऱ्या लोखंडाची आवक आटली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

या दोन्ही प्रसंगांत मदत मिळाली ती तारणावर नव्हे, माणसाच्या लौकिकावर. बँक ताळेबंद पाहते. संस्थानिकाने, गावच्या सावकाराने किंवा घाऊक व्यापाऱ्याने पाहिलेली गोष्ट निराळी असते. हा माणूस नाव बदलून पळून जाणार नाही, याची खात्री तो करून घेतो. आडनावच दुकानाच्या पाटीवर असल्याने दिलेला शब्द मोडण्याची किंमत पुढच्या पिढीलाही चुकवावी लागते. घाऊक बाजारातील उधारी आजही बहुतांश याच हिशेबावर चालते.

दुसरा धडा अधिक कठोर आहे. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. अशा आघातातून एकाच ठिकाणी उभा असलेला उद्योग सावरणे कठीण असते. मात्र तोपर्यंत कुटुंबाने आपले काम चार ठिकाणी विभागले होते. हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर १९४१ मध्ये सुरू झाली होती, तर बंगळूरची विजेच्या यंत्रांची आणि पुण्याची तेल इंजिनांची कंपनी १९४६ मध्ये. प्रत्येक ठिकाणी घरचा माणूस धुरा सांभाळत होता. हा विस्तार दंगलीच्या भीतीने केलेला नव्हता, तो बाजारपेठेच्या ओढीने झाला होता. तरीही संकट आले तेव्हा त्याचा उपयोग ढालीसारखा झाला. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला, हेही इथे नोंदवायला हवे. विभागलेल्या कामाचा फायदा असा की एक फांदी वाळली म्हणून झाड वठत नाही.

एक घर, अनेक चुली

घर हीच गंगाजळी असेल, तर ती उपसून कोरडी होण्याचा धोकाही असतोच. या प्रश्नावर तमिळनाडूतील नाट्टुकोट्टै चेट्टियार समाजाने शोधलेले उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. चेट्टिनाडच्या प्रशस्त वाड्यांत भावांची कुटुंबे एकाच छपराखाली राहत, पण विवाहित मुलाची चूल वेगळी असे. त्याला वर्षाचा शिधा आणि खर्चाची रक्कम ठरवून दिली जाई. त्यात भागवणे ही त्याची जबाबदारी. भांडवल एकत्र, स्वयंपाक स्वतंत्र. एकत्र कुटुंबाविषयीची आपली मराठी कल्पना नेमकी उलटी आहे. आपल्याकडे एका पंगतीत जेवण्याला एकीचे लक्षण मानले जाते आणि चूल वेगळी झाली की घर फुटले, असे समजले जाते. पेढीच्या दृष्टीने मात्र घरखर्चाची सीमा आखलेली असणे हीच मोठी सुरक्षितता ठरते. कोणत्या सुनेच्या माहेरी काय पाठवले, यावरून भांडवलाची वाटणी मागितली जाण्याची वेळ तिथे कमी येते.

याच समाजातील ए. एम. मुरुगप्पा चेट्टियार यांनी १९०० मध्ये ब्रह्मदेशातील मौलमैन येथे सावकारी पेढी सुरू केली. आजचा चेन्नईचा मुरुगप्पा समूह तिचा वारसदार. त्या काळी दक्षिण ब्रह्मदेशातील भातशेती चेट्टियारांच्या कर्जावर चालत असे. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत तांदळाचे भाव कोसळले, शेतकऱ्यांची कर्जे थकली आणि तारण म्हणून दिलेली शेते चेट्टियारांच्या ताब्यात येऊ लागली. त्या दशकाच्या अखेरीस दक्षिण ब्रह्मदेशातील प्रमुख भातपिकाच्या जिल्ह्यांतील सुमारे चतुर्थांश शेतजमीन त्यांच्या नावावर होती. कागदोपत्री ही श्रीमंती, प्रत्यक्षात हा सापळा होता. जमीन उचलून नेता येत नाही. शिवाय परक्या सावकाराकडे गेलेल्या शेतीमुळे स्थानिक असंतोष वाढत होता, आणि तो अकारण नव्हता.

१९४२ मध्ये जपानी फौजांनी ब्रह्मदेश व्यापला. हजारो भारतीय पायी आसाम-मणिपूरच्या वाटेला लागले. स्वातंत्र्यानंतर तेथील सरकारने जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला आणि असंख्य चेट्टियार घराण्यांची पिढ्यांची कमाई तिथेच राहिली. मुरुगप्पा कुटुंबाने मात्र जपानी आक्रमणापूर्वीच आपले भांडवल मायदेशी आणण्यास सुरुवात केली होती. त्यातून दक्षिण भारतात कारखानदारीचा पाया घातला गेला. ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने सायकलींचे उत्पादन १९४९ मध्ये सुरू झाले, पुढे घासकाम आणि पॉलिशसाठी लागणारी साधने, साखर, खते असा विस्तार झाला. एकाच जातीची, एकाच धंद्यातील, एकाच देशात अडकलेली दोन कुटुंबे. त्यांतील एक उद्ध्वस्त झाले आणि दुसरे उभे राहिले. फरक प्रेमाचा नव्हता. पैसा केव्हा हलवायचा हा निर्णय एकाने वेळेत घेतला आणि दुसऱ्याने लांबवला, इतकाच तो होता.

उत्तर भारतातील फाळणीच्या हकिकतींतही हेच सूत्र आढळते. पश्चिम पंजाबातील कमालियाचे मुंजाल बंधू १९४४ मध्येच अमृतसरला येऊन सायकलींच्या सुट्या भागांच्या व्यापारात उतरले होते. नंतर लुधियानात त्यांनी १९५६ मध्ये हीरो सायकलचा कारखाना उभारला. याउलट सियालकोटच्या 'महाशियां दी हट्टी'चे धर्मपाल गुलाटी सर्व काही मागे सोडून दिल्लीला आले आणि काही काळ त्यांना टांगा चालवावा लागला. त्यांच्याकडे उरले होते ते मसाल्यांचे घराण्यातील ज्ञान आणि दुकानाचे नाव. करोलबागेत त्याच नावाने पुन्हा दुकान सुरू झाले.

धंदा बदलण्याची मोकळीक

संचालक मंडळ, विश्लेषक आणि तिमाही निकाल यांचे ओझे नसल्याने कुटुंबाला धंद्याचे स्वरूप चटकन बदलता येते, असा एक युक्तिवाद केला जातो. तो बहुतांशी खरा आहे. मदुराईच्या टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांनी १९११ मध्ये पाया घातलेल्या टीव्हीएस उद्योगाचा मूळ व्यवसाय बसवाहतुकीचा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा कोळशापासून वायू तयार करून त्यावर वाहने चालवणारी संयंत्रे कंपनीने स्वतः बनवली आणि विकलीही. टंचाई हेच तिचे गिऱ्हाईक झाले.

बंगळूरच्या मावळ्ळी टिफिन रूम्सची गोष्ट अधिक रोचक आहे. उडुपी परिसरातून आलेल्या मैय्या बंधूंनी १९२४ मध्ये सुरू केलेले हे उपाहारगृह एमटीआर या नावाने देशभर ओळखले जाते. महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा तिथे रव्याची इडली करून पाहिली गेली आणि ती कायमची रुळली, असे सांगितले जाते. १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली आणि उपाहारगृहांतील पदार्थांचे दर सक्तीने खाली आणण्यात आले. त्या दरात पूर्वीचा दर्जा राखणे शक्य नव्हते. मालकांसमोर तीन मार्ग होते. दर्जा उतरवायचा, तोटा सोसत राहायचे किंवा दार बंद करायचे. त्यांनी उपाहारगृह बंद केले आणि त्याच स्वयंपाकघरातील जाणकारी वापरून मसाले व तयार पिठे विकायला सुरुवात केली. संकटातून जन्मलेला हा जोडधंदा पुढे मूळ उपाहारगृहापेक्षा कितीतरी मोठा झाला. २००७ मध्ये तो नॉर्वेच्या ऑर्क्ला कंपनीला विकण्यात आला. उपाहारगृह मात्र कुटुंबाने स्वतःकडेच ठेवले. विक्री म्हणजे पराभव, ही आपल्याकडील समजूत किती तकलादू आहे, हे या व्यवहारातून कळते.

तथापि, याच मोकळिकीची दुसरी बाजू जपानमधील काँगो गुमी या मंदिर-बांधकाम कंपनीत दिसली. इसवी सन ५७८ पासूनची परंपरा सांगणारी ही कंपनी जगातील सर्वांत जुना कौटुंबिक उद्योग मानली जात होती. राजवटी बदलल्या, युद्धे झाली, ती टिकली. १९८० च्या दशकातील तेजीत तिने कर्ज काढून स्थावर मालमत्तेत गुंतवणूक केली, तेजीचा फुगा फुटला आणि कर्जाच्या भाराखाली अखेर २००६ मध्ये तिचे काम दुसऱ्या बांधकाम कंपनीकडे गेले. चौदा शतकांची पुण्याई एका तेजीच्या मोहापुढे पुरली नाही.

दागिने कोणाचे, कर्ज कोणाचे

भारतीय कायद्याने कौटुंबिक उद्योगाला एक खास चौकट दिली आहे. ती म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. मिताक्षरा परंपरेनुसार चालणाऱ्या या रचनेत कुटुंबाचा 'कर्ता' व्यवहार पाहतो. धंद्यासाठी त्याने काढलेल्या कर्जाची त्याची स्वतःची जबाबदारी अमर्याद असते. जन्मतः हक्क असलेल्या अन्य सहदायादांची जबाबदारी सर्वसाधारणपणे एकत्र मालमत्तेतील त्यांच्या हिश्शापुरती. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य मानून पूर्वी सावकार मुलावर, नातवावर दावा लावू शकत असे. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आली आणि त्यानंतरच्या कर्जांसाठी हा आधार संपुष्टात आला. मुलींना जन्मतः सहदायाद मानणारी तरतूद याच दुरुस्तीतली. तिची चर्चा पुष्कळ झाली, कर्जाविषयीच्या तरतुदीची फारशी झाली नाही.

स्त्रियांच्या दागिन्यांचा प्रश्न त्याहून जुना आहे. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा अटक अशा प्रसंगी पतीने स्त्रीधन वापरले, तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मधील एका निकालात वेगळी भूमिका मांडली. स्त्रीधन ही पत्नीचीच मालमत्ता आहे. अडचणीत पती ते वापरू शकेल, पण ते किंवा त्याचे मूल्य परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. ही दोन मते शेजारी ठेवून पाहिली की संकटात टिकलेल्या कितीतरी दुकानांचे खरे भांडवलदार कोण होते, हे लक्षात येते. धंद्याला हातभार म्हणून दिलेल्या बांगड्यांची पावती कोणत्या घरात लिहिली जाते?

बँकेच्या कर्जालाही घराचीच जामीनकी लागते. लघुउद्योजकाने कंपनी नोंदवली, जबाबदारी मर्यादित केली, तरी कर्ज मंजूर करताना बँक त्याची वैयक्तिक हमी मागते, बहुधा पत्नीची किंवा भावाचीही सही घेते. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली. कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांना तिच्या कक्षेत आणणारी अधिसूचना नोव्हेंबर २०१९ मध्ये निघाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मे २०२१ मध्ये वैध ठरवली. कंपनीचा दिवाळखोरी आराखडा मंजूर झाला म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, असेही त्या निकालाने स्पष्ट केले. संहितेच्या कलम २९अ नुसार थकबाकीदार प्रवर्तकांना आपलीच कंपनी लिलावात परत घेण्यास मनाई झाली. एस्सार स्टीलच्या प्रवर्तक कुटुंबाने सर्व देणी फेडण्याची तयारी दाखवली, तरी ती कंपनी २०१९ मध्ये आर्सेलरमित्तलकडे गेली. 'मालक बुडत नाही, बँक बुडते' या जुन्या समजुतीला यामुळे धक्का बसला.

२०२० च्या टाळेबंदीत केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला हमी देणारी योजना आणली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात घ्यावे लागेल. त्या कर्जासाठी नवे तारण मागितले जाणार नव्हते. तोटा जिरवण्याची जागा काही काळापुरती घराकडून सरकारी तिजोरीकडे सरकली. ज्यांच्या नावावर आधीपासून कर्ज होते त्यांनाच मात्र तिचा लाभ झाला. बँकेची पायरी न चढलेला फेरीवाला किंवा उधारीवर माल उचलणारा दुकानदार पूर्वीप्रमाणे घरच्यांच्याच आधारावर राहिला.

वाटणीची वेळ

बाहेरच्या संकटांपेक्षा मृत्यूपत्राअभावी अधिक घराणी खिळखिळी झाली असावीत, असे देशातील प्रसिद्ध वादांकडे पाहून म्हणावेसे वाटते. धीरूभाई अंबानी यांचे जुलै २००२ मध्ये मृत्यूपत्राविना निधन झाले. दोन्ही बंधूंमधील वादावर तोडगा निघाला तो जून २००५ मध्ये, आईच्या मध्यस्थीने. लेखी करार असला म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. किर्लोस्कर कुटुंबात २००९ मध्ये करारनामा झाला, पण त्याचा अर्थ काय, यावरूनच पुढे भाऊबंदकी न्यायालयात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाला मध्यस्थीचा मार्ग सुचवावा लागला. १९४८ ची आग पचवलेल्या घराण्याची ही कथा आहे.

सलोख्याची उदाहरणेही आहेत. टीव्हीएसच्या चार शाखांनी २०२० मध्ये कौटुंबिक व्यवस्थेचा करार केला आणि २०२२ मध्ये मालकीची फेररचना अमलात आली. प्रत्येक शाखा आधीपासून जो धंदा चालवत होती, तो तिच्या मालकीचा झाला. १८९७ मध्ये कुलपांच्या कारखान्यापासून वाढलेल्या गोदरेज समूहाच्या दोन शाखांनी एप्रिल २०२४ मध्ये विभाजन जाहीर केले. दोन्ही ठिकाणी उद्योग अडचणीत नसताना वाटणी झाली. वाटणी चांगल्या दिवसांत करायची असते, हे शहाणपण आपल्या शेतकरी कुटुंबांत मुळीच नवे नाही. बांध कोरडा असताना मोजला जातो. उद्योगात मात्र वडीलधारा हयात असताना हा विषय काढणे आजही उर्मटपणाचे समजले जाते.

वाटणीत मुलींचे स्थान काय, हा त्यातील सर्वांत अवघड भाग. कायद्याने सहदायाद झालेली मुलगी घरातील ज्येष्ठ असल्यास 'कर्ता'ही होऊ शकते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला. व्यवहारात चित्र सावकाश बदलते आहे. ब्रह्मदेशातून वेळीच पाय काढणाऱ्या मुरुगप्पा कुटुंबातही हा प्रश्न उभा राहिला. एम. व्ही. मुरुगप्पन यांचे २०१७ मध्ये निधन झाल्यावर आठ टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा त्यांच्या पत्नी आणि दोन मुलींकडे आला. संचालकपद द्यावे, नाहीतर हिस्सा रास्त किमतीला विकत घ्यावा, अशी मागणी त्यांची कन्या वल्ली अरुणाचलम यांनी केली. समूहाच्या अंबाडी इन्व्हेस्टमेंट्स या धारक कंपनीच्या सप्टेंबर २०२० मधील सभेत त्यांच्या नियुक्तीचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. वाद न्यायाधिकरणात गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी समेट झाल्याचे जाहीर केले.